मानवी जबडा, अपूर्ण

ताई : ...आणि पाकिटावर तुमच्या ठाण्याने लिहिलंय, 'मानवी जबडा, अपूर्ण'. खाली लाखेची मोहोर. मोहोरेखाली सही. सही तुझी आहे, बापू.

बापू : ताई, सहीला ढीगभर कागद येतात. प्रत्येक वाचत बसलो तर ठाणं कोण चालवणार?

ताई : नशीब, प्रयोगशाळेत ते पाकीट मी फोडलं. शेजारच्या टेबलावर गेलं असतं तर एव्हाना तुझ्या ठाण्यात खुनाचा तपास सुरू झाला असता, आणि मयत म्हणून आपले वडील.

बापू : हळू. अण्णा आत आहेत.

ताई : आत सूप पीत आहेत. तीन दिवसांपासून दुसरं काही खाता येत नाहीये त्यांना. मी नमुना उजेडात धरला, तर पुढच्या दाताचा टवका उडालेला. कवळीने अक्रोड फोडून दाखवणारा माणूस मला एकच माहीत आहे. पुढची चाचणी करायची गरज पडली नाही.

बापू : म्हणजे ही अण्णांची हरवलेली कवळी.

ताई : वरची. तेव्हा तुमच्या वर्णनात 'मानवी' चूक, 'जबडा' चूक. 'अपूर्ण' तेवढं बरोबर, कारण खालची अजून त्यांच्या तोंडात आहे.

अण्णा : कोण अपूर्ण? मला सगळं ऐकू येतं. दात गेलेत माझे, कान नाहीत गेले.

बापू : अण्णा, या, बसा. तुमची कवळी मिळाली.

अण्णा : मिळाली? धरला का मग?

बापू : कोणाला?

अण्णा : चोराला! दुसऱ्या कोणाला?

ताई : अण्णा, दुसऱ्याची कवळी चोरून माणूस करेल काय?

अण्णा : ते त्याला विचार. बाजारगल्लीत एकामागून एक दुकानं फुटताहेत, चोर मोकाट आहे, आणि हे आमचे चिरंजीव ठाण्यात बसून सह्या ठोकताहेत. मी बागेत बाकावर बसलो होतो. हिरडीला टोचत होती म्हणून काढली, रुमालात गुंडाळली, शेजारी ठेवली. मग उठलो, आणि—

ताई : आणि विसरलात.

अण्णा : ठाणेदार विसरत नसतो.

ताई : निवृत्त ठाणेदार.

अण्णा : ते वेगळं. आण इकडे ती. संध्याकाळी नगरपालिकेच्या सभेत बोलायचंय मला.

ताई : आधी निर्जंतुक होऊ दे. बाक, ठाण्याचं टेबल, टपालाची पेटी, आमचं टेबल, एवढा तिचा प्रवास झालाय. हे द्रावण मी सोबतच आणलंय. अर्धा तास बुडवून ठेवते.

अण्णा : उकळत्या पाण्यात टाक, दोन मिनिटांत होईल.

ताई : वाकडी होईल. मग सभेत तुम्ही ठरावाच्या बाजूने बोलताय की विरुद्ध, हे कोणालाच कळणार नाही. तेवढा अर्धा तास तुम्ही ऐकण्यात घालवा. नवा अनुभव असेल.

अण्णा : बघ रे, बापू, कशी बोलते बापाला.

बापू : माझ्याशीही तशीच बोलते, अण्णा. पण आलीस ते बरं झालं, ताई. आजच्या सभेत सगळे माझ्या तोंडाकडे बघणार आहेत. अध्यक्ष म्हणालेत, ठाणेदार म्हणेल तसं मतदान होईल. आणि काय म्हणावं ते माझं मलाच ठरत नाहीये.

अण्णा : न ठरायला काय झालं? ठराव सरळ आहे. ठाण्याच्या दारात जो येईल त्याचा देशात राहण्याचा परवाना बघायचा. परवाना नसला की बसवून ठेवायचं, स्थलांतर खात्याला कळवायचं. कायदा संसदेने केलाय, आपण नाही. पोलिसाने त्याच्याकडे पाठ फिरवायची म्हणजे काय?

बापू : पाठ कोण फिरवतंय? स्थलांतर खात्याला स्वतःची माणसं आहेत, गाड्या आहेत, कचेरी आहे. माझ्याकडे फुटलेल्या दुकानांची रांग लागलीये आणि शिपाई तोकडे. ते परवाने बघत बसले तर गस्त कोण घालणार?

अण्णा : गस्तीचं कारण आमच्या वेळीही सगळे द्यायचे. मी तुला दुसरं सांगतो. आज तू म्हणालास, परवान्याचा कायदा माझा नाही, मी बघणार नाही. उद्या शिपाई म्हणेल, गाडीला दिवा नसला तरी मी बघणार नाही. कुठला कायदा बघायचा हे पोलीस ठरवायला लागला की तो पोलीस राहत नाही, सावकार होतो. याला सोड, त्याला धर.

ताई : हा मुद्दा वजनदार आहे.

अण्णा : अजून एक ऐक. ज्याच्याकडे परवाना नाही त्याला आपण विचारत नाही, पण त्याचा मालक बरोबर विचारतो. आणि मग अर्ध्या मजुरीत राबवून घेतो. आपण डोळे मिटायचे, फायदा त्या मालकाचा. याला दया म्हणायचं का?

ताई : हा पहिल्यापेक्षाही चांगला. अण्णा, दात नसताना तुम्ही अधिक नेमकं बोलता.

बापू : तू कोणाच्या बाजूची आहेस?

ताई : पुराव्याच्या. आणि तो सध्या कोणाच्याच बाजूचा नाही, हीच अडचण आहे. तू काय बोलणार आहेस ते दाखव.

बापू : ऐक. ठरावाची मंडळी शेजारच्या शहराचा दाखला देणार. तिथे हाच नियम आला आणि चोऱ्यांच्या तक्रारी उतरल्या. त्यावर तू मला त्या दिवशी सांगितलंस तेच बोलणार. तक्रारी उतरल्या याचा अर्थ चोऱ्या उतरल्या असा होत नाही. लोक ठाण्यात यायचे थांबले असतील.

ताई : बरोबर.

बापू : आणि मग माझा हुकमाचा पत्ता. त्या ठाण्याच्या हरवलं-सापडलं खिडकीवर लोक सापडलेल्या वस्तू आणून देतात ना, त्याही त्याच वर्षी निम्म्यावर आल्या. आता माणसांनी छत्र्या विसरणं तर सोडलेलं नाही! म्हणजे छत्र्या हरवताहेत तेवढ्याच, आणून देणारा मात्र ठाण्याची पायरी चढत नाही. सभागृह हसेल, टाळ्या पडतील.

ताई : ते वापरू नकोस.

बापू : तूच शोधून दिलंयस!

ताई : हो, आणि सकाळी मीच ते मोडलं. त्या शहरात फोन करून चौकशी केली. त्याच वर्षी तिथल्या बस आगाराने स्वतःची हरवलं-सापडलं खिडकी उघडली. छत्र्या सगळ्यात जास्त विसरल्या जातात बसमध्ये. त्या आता तिकडे जमा होतात.

बापू : सगळ्या?

ताई : किती ते कळत नाही. काही तिकडे गेल्या असतील, काही आणून देणारे भीतीने थांबले असतील. वेगळं करता येत नाही.

बापू : समोरच्यांना बस आगाराचं माहीत नाही ना?

ताई : मला आहे.

बापू : ताई, एवढं प्रामाणिक राहून आयुष्यात कोणाचं भलं झालंय?

ताई : माझ्या हाती नमुना पुरेसा नाही. नाही सांगता येत.

अण्णा : शाब्बास! म्हणजे याच्या बाजूला आता काहीच उरलं नाही.

ताई : तुमच्याही बाजूला शेजारच्या शहराचा दाखला उरला नाही, अण्णा. तोही त्याच गाळात आहे.

बापू : झालं. मग मी उभा राहून काय सांगू? मला ठाऊक नाही, असं?

ताई : ठाऊक नसेल तर तसं सांगता येतं. वाक्य छोटं आहे.

बापू : ठाणेदाराच्या तोंडी शोभत नाही. ऐक, माझी खरी अडचण वेगळीच आहे. परवा आमच्या ठाण्याच्या हरवलं-सापडलं खिडकीवर एक बाई आली होती. शिपायाने मला आज सांगितलं. तिने एक पुडकं आत सरकवलं आणि विचारलं, सभेनंतर इथे परवाना दाखवावा लागणार आहे का? शिपाई म्हणाला, ठराव झाला तर लागेल. ती म्हणाली, नाही लागला तर दुकानं फोडणाऱ्या माणसाबद्दल मला सांगायचंय. मी त्याला पाहिलाय. सभेत काय होतं ते बघते, आणि मग येते. आणि गेली.

अण्णा : तिला जाऊ दिलं? साक्षीदाराला?

बापू : खिडकीवर नाव विचारत नाहीत, अण्णा. तुमचाच नियम.

ताई : अण्णांचा?

बापू : तुला माहीत नाही? खिडकीच्या आतल्या बाजूला पाटी आहे, अण्णांच्या वेळची. 'आणून देणाऱ्यास नाव विचारू नये.' रंग उडालाय, पण वाचता येतं.

ताई : का केला होतात हा नियम?

अण्णा : का म्हणजे, माझ्या आधीचे साहेब प्रत्येकाची उलटतपासणी घ्यायचे. पाकीट कुठे सापडलं, कधी सापडलं, तू तिथे काय करत होतास, आत एवढेच होते का. आणून देणाऱ्यालाच घाम फुटायचा. मग लोक काय करायचे माहीत आहे? अंधार पडला की मागच्या भिंतीवरून वस्तू फेकून द्यायचे. एकदा भिंतीवरून घड्याळ आलं ते थेट हवालदाराच्या टकलावर. मी सूत्रं हाती घेतली त्याच आठवड्यात पाटी लावली. मग आले लोक, पुढच्या दाराने.

ताई : म्हणजे विचारणं बंद केलं आणि वस्तू यायला लागल्या. अण्णा, तुम्ही प्रयोग केला होतात.

अण्णा : प्रयोग कसला! डोकं वापरलं.

ताई : तेच ते. फरक एवढाच की तुम्ही नोंद ठेवली नाहीत. बापू, त्या बाईने सरकवलेल्या पुडक्यात काय होतं?

बापू : ते शिपायाने— थांब. तेच का हे?

ताई : तेच असणार. तुझ्या शिपायाने उघडलं, दात दिसले, घाबरला, मोहोर लावून माझ्याकडे पाठवलं. पाकिटात कवळीसोबत हाही मुद्देमाल होता. हा रुमाल.

अण्णा : बघू. हो, माझाच. कोपऱ्यातला हा निळा टाका तुझ्या आईने घातलेला. पण घडी माझी नाही.

बापू : म्हणजे?

अण्णा : मी कवळी गुंडाळली तेव्हा हा रुमाल चुरगळलेला होता, थुंकीने ओला. हा धुतलाय, इस्त्री केलीये. आणि घडी बघ, कडा आत, वर एक कोपरा तिरका दुमडलेला. घरात अशी घडी कोण घालतं? ही टेबलावरच्या रुमालांची घडी. हॉटेलांचे कपडे धुणाऱ्या लाँड्रीत घालतात. हाताला सवय लागली की साध्या रुमालालाही तीच घडी पडते.

ताई : शहरात अशी लाँड्री—

अण्णा : एकच. बाजारगल्लीच्या तोंडाशी. समोर सगळी फुटलेली दुकानं. पहाटे भट्टी पेटवायला जी बाई येते तिला तो गल्लीतून बाहेर पडताना दिसणारच.

बापू : अण्णा! म्हणजे कोण ते कळलं. लाँड्री अजून उघडी असेल. मी आत्ता जातो, दोन शब्द विचारतो, संध्याकाळच्या आत चोर आत.

अण्णा : बस खाली.

बापू : अहो, पण—

अण्णा : बस म्हटलं ना. तिने काय सांगितलं? मी येते. 'या' असं म्हणाली का ती तुला? तू गणवेशात लाँड्रीच्या दारात उभा राहिलास की तिचा मालक बघणार, गल्ली बघणार, आणि ती मागच्या दाराने जी निघेल ती या शहरात परत दिसणार नाही. साक्ष गेली, आणि खिडकीही गेली. घड्याळं पुन्हा भिंतीवरून यायला लागतील.

बापू : तुम्हीच म्हणत होता, साक्षीदाराला जाऊ कसं दिलं.

अण्णा : म्हणत होतो. आता नाही म्हणत.

ताई : अण्णा, एक निरीक्षण नोंदवू? तुम्ही संध्याकाळी ज्या ठरावाच्या बाजूने बोलणार आहात, त्याप्रमाणे तिला दारातच थांबवायला हवं.

अण्णा : मी पकडून आणलेल्या माणसांचा विचार करत होतो. खिडकीचा नाही केला.

बापू : ठरावात खिडकीही येते, अण्णा. तक्रार द्यायला येणाराही येतो.

अण्णा : ते कळलं मला. बोळकं झालंय तोंडाचं, अकलेचं नाही.

ताई : पण एका कवळीवरून मत बदलू नका. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. तुमची कवळी आणून देणारी बाई चांगली निघाली म्हणून परवाना नसलेले सगळे चांगले, असं ठरत नाही. शिवाय तिच्याकडे परवाना नाही हेसुद्धा आपण गृहीतच धरतोय.

अण्णा : मी मत बदललेलं नाही. कायदा आहे तो आहे. ज्यांचं काम त्यांनी तो पाळून घ्यावा, आणि आधी त्या अर्ध्या मजुरीवाल्या मालकांना धरावं. पण ठाण्याचं दार हे माणूस आत येण्यासाठी असतं. तिथे चाळणी लावली की आधी कोण गळतं? चोर? चोर कधी आपणहून ठाण्यात येतो का?

बापू : हे वाक्य मला द्या, अण्णा. मी बोलतो.

अण्णा : तू तुझं बोल. तुझ्या बहिणीने सांगितलंय ते. 'मला ठाऊक नाही.'

ताई : आणि पुढे म्हण, 'पण ज्या खिडकीमुळे ठाऊक होऊ शकतं ती बंद करू नका.' झाला अर्धा तास. घ्या, अण्णा. धुतलीये तीनदा.

अण्णा : हं. अंऽ. बसली. क्लोरीन प्यायल्यासारखं वाटतंय.

ताई : तेवढ्याने कोणी दगावत नाही.

अण्णा : रुमाल दे. अगं, अगं, घडी नको मोडूस. असाच वरच्या खिशात ठेवतो.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. बागेतला तोच बाक.)

ताई : तुम्ही इथे आहात? घरभर शोधलं तुम्हाला. कवळी?

अण्णा : तोंडात आहे. चहा घेतेस का? थर्मास आणलाय.

ताई : काल रात्री झोपलात का? सभेत माईकवाल्याने तुमच्यासमोर हात जोडले तरी तुम्ही थांबत नव्हता.

अण्णा : तीन दिवसांचं साठलं होतं. पण काय झालं बघ! पकडून आणलेल्यांपुरता ठराव मंजूर, खिडकी आणि तक्रारदार वगळले. बाकीच्यांचा निर्णय वर्षभर पुढे ढकलला.

ताई : आणि वर्षभर आकडे गोळा करायला समिती नेमली, तिच्यावर मला घेतलं. न विचारता.

अण्णा : तू उठून म्हणालीस ना, पुरावा पुरेसा नाही. मग आता तूच गोळा कर.

ताई : बापू मात्र बरा बोलला. 'मला ठाऊक नाही' म्हणाला तेव्हा मला वाटलं, आता याची बदलीच होणार.

अण्णा : घाबरला होता. पण उभा राहिला. हे अध्यक्षाला सांग, त्याला नको सांगू. डोक्यात जाईल.

ताई : इथे येऊन कोणाची वाट बघताय?

अण्णा : कोणाची नाही. सकाळी वाटलं, घरातले सगळे रुमाल गोळा करावेत आणि त्या लाँड्रीत टाकावेत. मग म्हटलं, नको. ते विचारल्यासारखं होईल. म्हणून इथे बसलो. या बाकावर मला रोज कोणी बघत असेल तर बघू दे, म्हातारा खातोय, बोलतोय, दात दिसताहेत.

ताई : ही आभार मानायची पद्धत मी कुठे वाचली नव्हती.

अण्णा : सगळं कुठे वाचायला मिळतं! तो बघ, कोण येतोय. सकाळी सकाळी गणवेशात धावतोय, पोट सांभाळत.

बापू : अण्णा! ताई! बरं झालं, दोघं इथेच सापडलात. आली होती.

अण्णा : खिडकीवर?

बापू : खिडकी उघडायच्या आधीपासून उभी होती. शिपायाने खुर्ची दिली. तिने सगळं सांगितलं. माणूस कसा होता, सायकल कुठली, कुठल्या बाजूला वळला. दुपारपर्यंत धरतो त्याला.

ताई : आणि परवाना?

बापू : कोणी विचारला नाही. आहे की नाही, मला अजूनही माहीत नाही.

अण्णा : नाव विचारलंस?

बापू : नाही विचारलं. सगळं सांगून झालं, उठली, दारापर्यंत गेली, मग परत फिरली. आणि आपणहून सांगितलं.

अण्णा : आपणहून?

बापू : हो. पूर्ण नाव.

अण्णा : मग ते सांभाळ.